कडी कुणी लावायची?

फोटो ५२ केबीचा झाला होता आणि बँकेच्या परीक्षेच्या फॉर्मला तो ५० च्या आत हवा होता. पुण्यात नव्या पेठेतल्या त्या ऑनलाइन सेंटरमध्ये खुर्च्या तीन, उमेदवार अकरा आणि मुदत संपायला दोन दिवस. काउंटरमागच्या काकांनी मान न वळवता फोटो उघडला, कडा थोड्या कापल्या, पुन्हा सेव्ह केला. ४७. ‘बसला,’ ते म्हणाले, आणि लातूरहून आलेल्या मुलीचा जीव भांड्यात पडला. मग सही: १० ते २० केबी, काळ्या शाईत, कॅपिटल अक्षरांत केलेली चालत नाही. मग डाव्या अंगठ्याचा ठसा. मग स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, ५० ते १०० केबी. आयबीपीएसचा फॉर्म ज्यांनी दोन-तीनदा भरलाय त्यांना हे आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात.

संपादकांनी यंदाच्या दिवाळी अंकासाठी विषय दिला होता ‘उंबरठा’. माप ओलांडणाऱ्या नवरीवर कुणीतरी लिहीलच, म्हणून मी तिकडे गेले नाही. माझ्या डोळ्यासमोर होतं ते फॉर्मवरचं छोटंसं बटण: ‘फाइल निवडा’. परक्या माणसाच्या संगणकातली वस्तू आपल्या संगणकात येते ती याच जागेवरून. शाळाप्रवेश, शिष्यवृत्ती, विम्याचा दावा, नोकरीचा अर्ज, सगळीकडे हे बटण आहे. त्याच्या आतल्या बाजूला कोण बसलेलं असतं, हे मला बघायचं होतं.

‘काका, फोटोच्या जागी फोटो नसलेलंच काही गेलं तर?’ मी विचारलं.

‘गेलंय की!’ ते म्हणाले. मागे एका प्रवेशाच्या वेबसाइटवर (कुठल्या ते त्यांनी सांगितलं, मी लिहीत नाही) फोटो जेपीजीच हवा होता. हाताखालच्या नव्या पोराकडे फोटोची पीडीएफ होती. पोराने फाइलवर राइट क्लिक केलं, नावाच्या शेवटचं ‘पीडीएफ’ खोडून ‘जेपीजी’ लिहिलं आणि चढवली. वेबसाइटने हिरवी बरोबरची खूण दाखवली. छाननीच्या वेळी फोटोच्या जागी कोरा चौकोन निघाला आणि उमेदवाराला हेलपाटे पडले. ‘वस्तू तीच. नुसती पाटी बदलली,’ काका म्हणाले, ‘आणि त्यांनी पाटी वाचूनच आत घेतलं.’

त्या पोराच्या मनात काही पाप नव्हतं. ज्याच्या मनात असतं तोही सुरुवात याच पायरीवरून करतो.

चलन लिहिणारा

वेबवर फाइल चढवायची सोय सुरुवातीपासून नव्हती. फॉर्ममधून टाइप केलेली अक्षरं तेवढी जायची. नोव्हेंबर १९९५ मध्ये झेरॉक्स कंपनीतल्या लॅरी मॅसिंटर आणि अर्नेस्टो नेबेल या दोघांनी एक टिपण मांडलं. इंटरनेट कसं चालावं याबद्दलची जी टिपणं क्रमाने प्रसिद्ध होत असतात, त्यांतलं हे १८६७ वं. ज्या कंपनीचं नाव आपण फोटोकॉपीला बहाल करून टाकलं, तिच्याच माणसांनी फॉर्मला फाइल जोडायची युक्ती सुचवावी, हे मला फार आवडलं. त्या टिपणातला सुरक्षेवरचा भाग अगदी छोटा आहे आणि त्यातली काळजी आहे ती पाठवणाऱ्याची: वापरणाऱ्याने सांगितल्याशिवाय ब्राउझरने त्याची फाइल परस्पर पाठवू नये. घेणाऱ्याच्या पदरात काय पडेल, ही काळजी पुढे जगाने अनुभवातून शिकायची होती.

फाइल निघते तेव्हा तिच्याबरोबर तिचं नाव जातं आणि ‘हे चित्र आहे’, ‘ही पीडीएफ आहे’ असं सांगणारी एक ओळ जाते. दोन्ही पाठवणाऱ्याच्या बाजूला भरल्या जातात. ब्राउझर बाजूला ठेवून कुणी स्वतःचा छोटासा प्रोग्राम वापरला तर त्या ओळीत त्याला हवं ते लिहिता येतं. ‘फक्त जेपीजी चालेल’ असा लाल इशारा आपल्याला दिसतो, तोही बरेचदा आपल्याच ब्राउझरमध्ये चाललेला असतो. प्रामाणिक माणसाची चूक त्याने टळते. लबाड माणूस तो इशारा बंद करून पुढे जातो.

जकात नाके आठवत असतील त्यांना हे लगेच कळेल. (मुंबईचे नाके जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाले.) ट्रक थांबायचा, ड्रायव्हर चलन पुढे करायचा, चलनावर ‘कांदे’. ताडपत्री उचलायची की नुसताच शिक्का मारायचा, हे नाक्यावरच्या माणसावर. बऱ्याच वेबसाइट चलन वाचून शिक्का मारतात, आणि हे चलन ड्रायव्हरने स्वतःच लिहिलेलं असतं. सॉफ्टवेअरमधल्या दोषांची वर्गवार यादी ठेवणाऱ्या मायटर या अमेरिकी संस्थेने या ढिलाईला स्वतंत्र क्रमांक दिलाय, ४३४: धोकादायक प्रकारच्या फाइलला मोकळं रान.

गॅदरिंगच्या फोटोंत

पण फाइल आत आली म्हणून बिघडलं काय? माळ्यावर एक खोकं जास्त. हा प्रश्न घेऊन मी नाशिकला गेले. गंगापूर रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये राहणारी माझी एक मैत्रीण दहा वर्षं वेबसाइट बांधायची. आता बिघडलेल्या वेबसाइट साफ करून देते. ‘बांधण्यापेक्षा साफसफाईला मागणी जास्त आहे, ताई,’ ती म्हणाली आणि लॅपटॉप उघडायच्या आधी तिने वायफाय बंद केलं.

लॅपटॉपमध्ये एका शिक्षण संस्थेच्या वेबसाइटची नक्कल होती. नाव तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. प्रकरण उघडकीला आलं ते कार्यालयातल्या क्लार्कमुळे. फोन नंबरासाठी त्याने गूगलवर कॉलेजचं नाव टाकलं, तर निकालात कॉलेजच्या नावाखाली ओळीच्या ओळी जपानी अक्षरं. भाषांतर करून पाहिलं तर बुटांच्या जाहिराती. वेबसाइट थेट उघडली की मात्र सगळं जागच्या जागी: प्राचार्यांचं मनोगत, ध्येयधोरणं, सुट्ट्यांची यादी. पानं चाळायला येणाऱ्या गूगलच्या प्रोग्रामला एक चेहरा दाखवायचा आणि माणसाला दुसरा, हा या धंद्यातला जुना डाव आहे. कार्यालयात काही दिवस गूगललाच दोष दिला गेला.

तिने अपलोडचं फोल्डर उघडलं. वेबसाइट बांधायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरमध्ये चढवलेल्या वस्तू साल आणि महिन्यानुसार लागतात. २०२३, त्यात ०१. गॅदरिंग. लावणी, नाटुकलं, बक्षीस समारंभ, दीडेकशे फोटो. ‘नावाने शोधत बसायचं नाही,’ ती म्हणाली. तिने यादी फाइलच्या प्रकाराने लावली. सगळे जेपीजी खाली सरकले आणि वर एकटी फाइल राहिली, पीएचपी. नाव फोटोंसारखंच, मध्ये आकडे वगैरे. आकार एक केबीसुद्धा नाही. नव्या पेठेत फोटो दोन केबींनी अडला होता, हे मला उगीचच आठवलं.

नोटपॅडमध्ये उघडली तर आत एक ओळ. ती इथे देत नाही. तिचा अर्थ एवढाच की पत्त्यासोबत जो हुकूम येईल तो पाळ. याला वेबशेल म्हणतात. चायना चॉपर नावाचं या जातीचं हत्यार जगभर गाजलेलं आहे. त्याचा सर्व्हरवर ठेवायचा भाग असाच एका ओळीत मावतो. मैत्रिणीने त्या फाइलचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला, शेवटी एक हुकूम जोडला, एंटर मारलं. पांढऱ्या पानावर सर्व्हरवरच्या फोल्डरांची यादी उमटली. दुसरा हुकूम: वेबसाइटची मुख्य सेटिंगची फाइल. त्यात डेटाबेसचं नाव, वापरकर्ता आणि पासवर्ड उघडा लिहिलेला, कारण वेबसाइटला तो सारखा लागतो. तिसऱ्या हुकमाला प्रवेशअर्जांचा तक्ता समोर: मुलांची नावं, जन्मतारखा, जातीचा रकाना, पालकांचे मोबाइल. पुढचा हुकूम तिने दिला नाही. ‘पुसून टाक’ असंही सांगता आलं असतं.

सर्व्हर हे सगळं निमूटपणे का करतो? पीएचपी ही भाषा रासमुस लेर्डॉर्फने १९९५ मध्ये लोकांसमोर ठेवली. ती ज्या गुणामुळे घराघरात पोचली त्याच गुणात ही खोच आहे: फाइल फोल्डरमध्ये टाका, पत्ता उघडा, चालू. वेगळी नोंदणी नको, कुणाला विचारणं नको. स्वस्तातल्या होस्टिंगवर शिकाऊ पोरांनीही वेबसाइट उभ्या केल्या त्या याच सोयीवर. नावाच्या शेवटी जेपीजी असेल तर सर्व्हर वस्तू जशीच्या तशी उचलून देतो. पीएचपी असेल तर ती वाचतो आणि आत लिहिल्याप्रमाणे वागतो. ती फाइल घरमालकाने ठेवली की रस्त्यावरून जाणाऱ्याने, हा प्रश्न त्याला पडतच नाही. माळ्यावरच्या खोक्यातून आवाज आला तरी तो मालकाचाच समजून उठणारा गडी म्हणा ना.

गॅदरिंगच्या फोटोंत ती फाइल लपायला आली होती. शिरली होती दुसरीकडून. दोन वर्षांपूर्वी कॉलेजने प्राध्यापक भरतीचा फॉर्म साइटवर टाकला होता, बायोडेटा जोडायच्या सोयीसकट. भरती झाली. मेनूतून फॉर्मची लिंक काढली. फॉर्मचं पान मात्र आपल्या पत्त्यावर जिवंत राहिलं. असे पत्ते शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. त्यांना मेनू लागत नाही.

चिठ्ठी दारावर होती

हे एखाद्या गावातल्या कॉलेजचं झालं, असं वाटत असेल तर जर्मन प्रोग्रामर सेबास्टियन त्शान याची गोष्ट ऐका. मला या सगळ्या शोधात सर्वांत अस्वस्थ करून गेली ती हीच.

त्शान ‘ब्लूइम्प’ या नावाने ओळखला जातो. फाइल ओढून आणून पानावर सोडा, किती टक्के चढली ते दाखवा, असं सगळं करणारं ‘जेक्वेरी फाइल अपलोड’ हे प्लगइन, म्हणजे वेबसाइटला जोडायचा तयार तुकडा, त्याचं. फुकट, सुबक आणि वापरायला सोपं. कोड मांडायच्या गिटहब या साइटवर, जेक्वेरी या तयार कोडच्या संचाभोवतीच्या गोतावळ्यात खुद्द जेक्वेरीच्या खालोखाल लोकांनी पसंत केलेला प्रकल्प तो. त्याचा कोड उचलून आपापले फेरफार केलेल्या नकलाच ७,८०० च्या वर होत्या. त्या आणखी किती वेबसाइटांत शिरल्या, त्याचा हिशेब कुणाकडेच नाही.

त्शान निष्काळजी नव्हता. चढवलेल्या फाइलींच्या फोल्डरमध्ये त्याने एक छोटी फाइल ठेवली होती, एचटीअ‍ॅक्सेस. अपाची हा वेबसर्व्हर ज्या फोल्डरमध्ये शिरतो तिथे अशी चिठ्ठी आहे का बघतो आणि तिच्यातल्या सूचना पाळतो. त्शानच्या चिठ्ठीचा मथितार्थ: इथल्या फाइली नुसत्या द्यायच्या, चालवायच्या नाहीत. कडी लागली.

पण त्याच्या प्लगइनची पहिली आवृत्ती येण्याच्या काही दिवस आधीच, २०१० च्या नोव्हेंबरात, अपाचीची २.३.९ ही आवृत्ती आली होती. दर वेळी प्रत्येक फोल्डरमध्ये चिठ्ठी शोधत बसल्याने सर्व्हर मंदावतो. शिवाय कुणीही फोल्डरमध्ये चिठ्ठी ठेवून मुख्य व्यवस्थापकाची घडी मोडू शकतो. म्हणून अपाचीवाल्यांनी ठरवलं: यापुढे मुद्दाम सांगितल्याशिवाय चिठ्ठ्या वाचायच्या नाहीत. दोन्ही कारणं रास्त. निर्णय सुरक्षेसाठीही घेतलेला. चिठ्ठी दारावर लागली, तोवर वाचणाऱ्याने वाचणं बंद केलं होतं.

आठ वर्षं. ऑक्टोबर २०१८ मध्ये अकामाई कंपनीतल्या लॅरी कॅशडॉलर या संशोधकाने तो कोड वाचला, आपल्या यंत्रावर एक पीएचपी फाइल चढवून पाहिली आणि ती चालली. त्याने त्शानला कळवलं. त्शानला आधी उलगडेना, कारण त्याच्या स्वतःच्या चाचणीच्या यंत्रावर चिठ्ठ्या वाचायची सेटिंग चालू होती; तिथे सगळं ठीकच दिसायचं. खोदल्यावर २०१० चा तो बदल सापडला. मग ९.२२.१ ही दुरुस्त आवृत्ती आली आणि प्लगइन आपणहून फक्त जिफ, जेपीजी, पीएनजी घेऊ लागलं. पण हजारो नकलांपर्यंत ही दुरुस्ती पोचवणार कोण? कॅशडॉलरला आणखी एक गोष्ट दिसली. हे दार कसं उघडायचं हे दाखवणारे व्हिडिओ २०१५ पासून यूट्यूबवर पडलेले होते. चोरांच्या आळीत जी गोष्ट तीन वर्षं सर्वांना माहीत होती, ती घर बांधणाऱ्याच्या कानावर आली नव्हती.

या गोष्टीत मला खलनायक सापडत नाही. प्रत्येकाची समजूत होती की कडी दुसऱ्याने लावली आहे. आपल्याकडे वाड्यात चोरी झाली की मधल्या दाराबद्दल दोन्ही बिऱ्हाडं हेच सांगतात.

दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२० मध्ये, वर्डप्रेसच्या ‘डब्ल्यूपी फाइल मॅनेजर’ या प्लगइनचं प्रकरण झालं. ७ लाखांहून अधिक वेबसाइटांवर ते बसवलेलं होतं. त्यात दुसऱ्या एका मोफत प्रकल्पातली नमुन्याची फाइल घेतली होती. मूळ कर्त्यांनी ती चालू नये म्हणूनच तिच्या नावाला वेगळं शेपूट लावलं होतं. ते शेपूट काढून नुसतं ‘पीएचपी’ ठेवलं गेलं, आणि लॉगिन न करता कुणीही येऊन फाइल ठेवून जाऊ शकेल असं दार तयार झालं. नव्या पेठेतल्या पोराने केलं होतं तेच: राइट क्लिक, नाव बदला.

ताडपत्रीखाली

मग आत डोकावून बघावं की! बघतात. बहुतेक प्रकारच्या फाइलींना जन्मखूण असते. पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या चिन्हाने आणि पीडीएफ या अक्षरांनी होते. झिपची सुरुवात ‘पीके’ने, म्हणजे ती घडवणाऱ्या फिल काट्झच्या आद्याक्षरांनी. जिफची सुरुवात तिच्या नावाने आणि ८७ किंवा ८९ या सालाने. नावावर न जाता ही खूण तपासली तर काकांच्या पोराची पीडीएफ तिथल्या तिथे पकडली गेली असती. पण जिफची खूण म्हणजे सहा साधी अक्षरं. कुठल्याही प्रोग्रामच्या डोक्यावर ती टाइप करता येतात.

नाशिकच्या मैत्रिणीने तिच्या मांजराचा फोटो दाखवला. खराखुरा फोटो, मांजर खिडकीत. फोटोच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याचं नाव, तारीख, शेरा अशा नोंदींना जागा असते. शेऱ्याच्या जागी तिने ती एक ओळ लिहून ठेवली होती. फोटो बघणाऱ्याला मांजर दिसतं. पीएचपीला मांजराशी देणंघेणं नाही; अगम्य मजकूर तो तसाच पुढे ढकलतो आणि आपली ओळ आली की पाळतो. म्हणजे फाइल एकाच वेळी शंभर टक्के फोटो आणि शंभर टक्के हुकूम. पाटीवरचं खोटं पकडता येतं, इथे तर पाटीही खरीच आहे. नावाचा शेवट पीएचपी होऊ दिला नाही की झालं, असं म्हणावं तर त्या शेवटाचीही भावंडं आहेत: कॅपिटल अक्षरांत लिहिलेला, पीएचटीएमएल, किंवा नावाच्या मध्ये पीएचपी आणि शेवटी जेपीजी. काही जुन्या मांडणीतले सर्व्हर मधलंच वाचत. नकोशांची यादी करणारा इथे कायम एक पाऊल मागे असतो. हव्यांची यादी करावी आणि बाकी सगळ्यांना नाही म्हणावं.

आणि ताडपत्री उचलणं हेही जोखमीचं काम आहे. आपला फोटो छोटा करून गोल चौकटीत बसवणारी जी यंत्रणा अनेक वेबसाइटांत असते, तिच्यात इमेजमॅजिक नावाचं जुनं सॉफ्टवेअर वापरलं जातं. मे २०१६ मध्ये उघड झालं की चित्राच्या वेशातली विशिष्ट फाइल त्याला दिली तर ते चित्र वाचता वाचता तिच्यातले हुकूम पाळतं. दोषाला नाव पडलं ‘इमेजट्रॅजिक’. दुरुस्ती आली, पण त्याच वर्षी आंद्रेई लिओनोव्ह या संशोधकाला हा दोष फेसबुकच्या एका कोपऱ्यात सापडला; फेसबुकने त्याला ४०,००० डॉलर बक्षीस दिलं. झिपची तऱ्हा आणखी वेगळी. ‘४२ डॉट झिप’ नावाची एक जुनी, कुप्रसिद्ध फाइल आहे, ४२ केबीची. आयबीपीएसच्या फोटोत बसेल अशी. तिच्यात झिपमध्ये झिप अशा घड्या घातलेल्या आहेत. सगळ्या उलगडल्या तर साडेचार पेटाबाइट, म्हणजे ४५ लाख जीबी. बलिप्रतिपदेच्या अंकात वामनाची आठवण काढायला हरकत नाही. तीन पावलंच मागितली होती.

माळ्यावरचा पाहुणा

वेबशेलबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज मैत्रिणीने सांगितला. ‘सॉफ्टवेअर अपडेट केलं, आता झालं ना?’ असं गिऱ्हाईक विचारतं. कुलूप नवं बसवलं. चोर मात्र केव्हाच माळ्यावर राहायला आलाय. अपडेट दार बंद करतं, माळा झाडत नाही.

अमेरिकेत हे फार मोठ्या प्रमाणावर दिसलं. २०२१ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेल सर्व्हरमधल्या दोषांतून हजारो कार्यालयांत वेबशेल ठेवले गेले. मार्चमध्ये दुरुस्ती आली, अनेकांनी बसवलीही, तरी शेकडो यंत्रांवर ते शेल तसेच. शेवटी एफबीआयने टेक्सासच्या न्यायालयाची परवानगी घेतली आणि मालकांना आधी न विचारता दुरून त्या यंत्रांवरचे शेल पुसले. त्यासाठी त्यांनी शेललाच हुकूम दिला: स्वतःला पुसून टाक. दोष दुरुस्त करणं किंवा आणखी काही शोधणं त्यांनी केलं नाही. पोलिसांनी तुमच्या माळ्यावरून चोर काढावा आणि जाताना चिठ्ठी ठेवावी, याचं आनंदाने स्वागत करावं की भ्यावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याआधी इक्विफॅक्स. अटलांटातली ही कंपनी लोकांच्या उधारीच्या सवयींची खातेवही ठेवते. अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरचा जो भाग अपलोड होणाऱ्या फाइलीचं चलन वाचतो, त्यातच दोष होता. आतल्या मालाची गरजच नव्हती. चलनावर हुकूम लिहिला की पुरे. दुरुस्ती ७ मार्च २०१७ ला जाहीर झाली. इक्विफॅक्सच्या एका पोर्टलवर ती बसली नाही. मेच्या मध्याला कुणीतरी शिरलं, ३० च्या आसपास वेबशेल पेरले आणि ७६ दिवस मुक्काम केला. १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. पाहणी करणारं यंत्र तिथे होतं, फक्त त्याच्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली असल्याने त्याला कुलूपबंद रहदारीतलं काही दिसत नव्हतं. २९ जुलैला प्रमाणपत्र बदललं आणि त्याच दिवशी चोर दिसला. पहारेकरी जागा होता, पगारावर होता. डोळ्यावरची पट्टी काढायचं काम कुणाच्या यादीत नव्हतं.

ओसरी

उपाय अवघड नाहीत, हे या विषयातलं सर्वांत चीड आणणारं सत्य आहे. मैत्रिणीने कॉलेजच्या साइटवर जे केलं ते मी शेजारी बसून पाहिलं. पाहुण्याचं नाव टाकून द्यायचं आणि फाइलला आपलं नाव द्यायचं, अंदाज न येणारं लांबलचक. तिला वेबसाइटच्या फोल्डरांच्या बाहेर ठेवायचं, म्हणजे ब्राउझरमध्ये पत्ता टाकून तिच्यापर्यंत पोचताच येत नाही. हवी तेव्हा वेबसाइट स्वतः आणून देते. अपलोडच्या फोल्डरमध्ये काहीही चालवायचं नाही, ही सूचना चिठ्ठीत न ठेवता सर्व्हरच्या मुख्य सेटिंगमध्ये लिहायची. चार ओळी होत्या. फोटो आला की तो तसाच न ठेवता त्याचे रंगाचे ठिपके वाचून नवा फोटो तयार करायचा. जुन्या तसबिरीवरून दुसरी काढून घेतली की फ्रेममागे खोचलेली चिठ्ठी मागेच राहते, तसं. मांजर आलं, ओळ राहिली. यासाठी वापरायचं सॉफ्टवेअर अद्ययावत हवं, नाहीतर इमेजट्रॅजिक. पीडीएफला ही युक्ती इतकी सहज लागू होत नाही, म्हणून तिला वेगळी खोली.

मोठ्या कंपन्या हेच करतात. गूगलवर लोकांनी चढवलेल्या वस्तू तुम्हाला गूगलयूजरकंटेंट या वेगळ्याच नावाच्या पत्त्यावरून दिसतील. गिटहबचीही तशीच वेगळी जागा आहे. पाहुण्याला ओसरीवर बसवायचं, पाणी द्यायचं, पण माजघरात न्यायचं नाही. वाडे बांधणाऱ्यांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

मग घोडं कुठे पेंड खातं? वेबसाइट बांधायचं काम सर्वांत कमी दर भरणाऱ्याला मिळतं. त्याने इंटरनेटवरून प्लगइन उचललेलं असतं, प्लगइनवाल्याने दुसऱ्याचा नमुना. काम हातावेगळं झालं की बांधणारा पुढच्या गावी. देखभालीच्या करारात ‘मजकूर बदलणे’ असतं. माळा झाडणे नसतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार घुसखोरीचा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचा असतो आणि १८० दिवसांच्या नोंदी जपून ठेवायच्या असतात. या कॉलेजच्या होस्टिंगवर ३० दिवसांच्याच नोंदी होत्या. शेल त्याहून कितीतरी जुना. म्हणजे तो तक्ता किती वेळा, कुठे गेला, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. ‘सर्ट-इनला कळवलं का त्यांनी?’ मी विचारलं.

‘मला काम दिलं ते एवढंच,’ ती म्हणाली, ‘ती जपानी अक्षरं तेवढी घालवा.’

तुमच्या शाळेची, पतसंस्थेची, सोसायटीची किंवा मंडळाची वेबसाइट असेल आणि तिच्यावर फाइल जोडायची सोय असेल, तर ती बांधणाऱ्याला दिवाळीच्या शुभेच्छांबरोबर एक प्रश्न पाठवा: अपलोडच्या फोल्डरमध्ये प्रोग्राम चालतो का? ‘नाही, मी तपासलंय’ असं उत्तर आलं तर उत्तम. ‘बघून सांगतो’ आलं, तर तो बघेपर्यंत फॉर्म बंद ठेवा. नुसता मेनूतून काढू नका.